सुरगाठ की निरगाठ? उत्तर कोरियावरचा २०१६ चा अमेरिकन निर्बंध कायदा

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

६ जानेवारी २०१६ ला उत्तर कोरियाने चौथी अणुचाचणी केली आणि ती हायड्रोजन बॉम्बची असल्याचं जाहीर केलं. सहाच दिवसांनी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने एड रॉइस यांनी मांडलेलं निर्बंधांचं विधेयक ४१८ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं. ७ फेब्रुवारीला उत्तर कोरियाने उपग्रहाच्या नावाखाली लांब पल्ल्याचं रॉकेट उडवलं. १० तारखेला सिनेटने तेच विधेयक आणखी कडक करून ९६ विरुद्ध ० असं मंजूर केलं, आणि १८ तारखेला ओबामांनी सही केली. ज्या काळात तिथले दोन पक्ष एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते, त्या काळात सिनेटमध्ये विरोधात एकही मत पडलं नाही.

हा कायदा मी गेला महिनाभर कलमवार वाचतो आहे. मराठीत यावर सविस्तर काही दिसलं नाही, म्हणून हा धागा.

आधी यात नवं काय होतं ते सांगतो. त्यापूर्वी उत्तर कोरियावर निर्बंध होतेच, पण ते बरेचसे राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांवर चालत. अमुक कंपनीला यादीत टाकायचं की नाही, हा त्यांच्या मर्जीचा भाग. चीन रागावेल असं वाटलं तर फाइल बाजूला ठेवता यायची. २०१६ च्या कायद्याने 'टाकू शकतात' या जागी 'टाकावंच लागेल' असं केलं. अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं यांच्याशी जाणूनबुजून व्यवहार करणारा, राजवटीला चैनीच्या वस्तू पुरवणारा, तुरुंगछावण्यांच्या छळात हात असणारा, सायबर हल्ले करणारा, खोट्या नोटा किंवा काळा पैसा फिरवणारा, आणि लष्कर, पक्ष किंवा शस्त्रकार्यक्रम यांच्यासाठी कोळसा व धातूंचा व्यापार करणारा कोणीही, मग तो चिनी असो की सिंगापूरचा, पुरावा मिळाला की यादीत जाणार. राष्ट्राध्यक्षांना सूट देता येते, पण काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कारण सांगून. शिवाय संपूर्ण उत्तर कोरिया हा काळ्या पैशाच्या दृष्टीने धोकादायक देश आहे का, हे १८० दिवसांत ठरवा असं कायद्याने अर्थखात्याला बजावलं. अर्थखात्याने १ जूनलाच 'होय' म्हटलं.

इथवर माझी तक्रार नाही. गाठ घट्ट बसायलाच हवी होती.

पण पुढे कलम ४०१ आणि ४०२ आहेत. गाठ सोडायची कशी ते तिथे लिहिलं आहे. निर्बंध नुसते एका वर्षापर्यंत स्थगित करायचे तरी राष्ट्राध्यक्षांनी लेखी द्यायचं की उत्तर कोरियाने खोट्या नोटा छापणं थांबवण्याच्या दिशेने प्रगती केली आहे, आर्थिक व्यवहार पारदर्शक केले आहेत, सुरक्षा परिषदेच्या ठरावांच्या पडताळणीला तयारी दाखवली आहे, पळवून नेलेल्या परदेशी नागरिकांचा हिशेब देऊन त्यांना परत पाठवायला सुरुवात केली आहे, मदतीचं धान्य वाटताना आंतरराष्ट्रीय नियम पाळले आहेत आणि राजकीय कैद्यांच्या छावण्यांमधली स्थिती सुधारली आहे. हे सगळं एकाच वेळी. निर्बंध कायमचे उठवायचे तर याखेरीज अण्वस्त्रं, रासायनिक आणि जैविक शस्त्रं मोडीत काढण्यात मोठी प्रगती, सर्व राजकीय कैद्यांची सुटका, आणि खुला, प्रातिनिधिक समाज उभारण्याची वाटचाल.

यातली एकही मागणी चुकीची आहे असं मला वाटत नाही. पण बॉम्ब सोडला तर काय मिळेल, असं किम जोंग उनने विचारलं, तर या कायद्याप्रमाणे उत्तर येतं की नुसता बॉम्ब सोडून काहीच मिळणार नाही, राजवटही बदलावी लागेल. मग तो बॉम्ब का सोडेल? आजी परकराची नाडी बांधताना सांगायची, सुरगाठ मार, निरगाठ बसली तर कात्रीच लागेल. हा कायदा वाचताना मला सारखी ती आठवत होती.

---

शमिका_प | सोमवार, रात्री १०.२५

छान मांडलंय. पण एक विचारते. कायद्यानंतर त्यांनी बॉम्ब थांबवला का? माझ्या आठवणीप्रमाणे नाही.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.५०

नाही थांबवला. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला पाचवी चाचणी झाली, ३ सप्टेंबर २०१७ ला सहावी, आणि ती आजवरची सगळ्यात मोठी. ४ जुलै २०१७ ला पहिलं आंतरखंडीय क्षेपणास्त्र, २९ नोव्हेंबरला ह्वासाँग-१५. उत्तरादाखल निर्बंध वाढतच गेले. २ ऑगस्ट २०१७ ला ट्रम्प यांनी सही केलेला काट्सा कायदा आला. काट्सा म्हटलं की आपल्याकडे रशियाच्या एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेचा विषय निघतो, पण त्याच कायद्यात इराण आणि उत्तर कोरिया यांचेही भाग आहेत. त्याने असं ठरवलं की उत्तर कोरियन मजुरांनी बनवलेला माल जगात कुठेही बनला असला तरी तो वेठबिगारीचा माल समजायचा, आणि तसा नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. डिसेंबर २०१९ मध्ये परदेशी बँकांवर आणखी एक कायदा आला. तुरुंगातून बेशुद्धावस्थेत परत आलेल्या आणि काही दिवसांतच वारलेल्या ऑटो वॉर्मबियर या विद्यार्थ्याचं नाव त्या कायद्याला आहे.

---

मिरजकर | मंगळवार, सकाळी ७.१५

गोदाकाठ, लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला तुमचं म्हणणं पटत नाही आणि स्पष्टच सांगतो.

उत्तर कोरियाचा शस्त्रकार्यक्रम हा आपल्यासाठी दूरचा विषय नाही. ६ एप्रिल १९९८ ला पाकिस्तानने घौरी क्षेपणास्त्र उडवलं. ते मुळात उत्तर कोरियाचं नोदोंग. १९९९ मध्ये कारगिलला आपली पोरं लढत असताना कांडला बंदरात कु वोल सान नावाचं उत्तर कोरियन जहाज आपल्या कस्टम्सने अडवलं. कागदावर पाणी शुद्ध करायची यंत्रं लिहिली होती, आणि पेट्यांतून निघाले क्षेपणास्त्रांचे भाग, यंत्रसामग्री आणि आराखडे. उलट दिशेने पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्या जाळ्यातून युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचं तंत्र प्योंगयांगला गेलं. असा धंदा करणाऱ्या राजवटीला दार उघडं कशाला ठेवायचं? निरगाठच बरी. कापायची वेळ आली तर कापू.

---

दर्यावर्दी | मंगळवार, दुपारी १.०५

मी एकवीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची सात चीफ इंजिनीअर म्हणून. पूर्व चीन समुद्रातून कितीदा गेलोय याची मोजदाद नाही. कायदा कागदावर कसा आहे ते गोदाकाठांनी सांगितलं, पाण्यावर कसा दिसतो ते मी सांगतो.

प्रत्येक मोठ्या जहाजाला एआयएस लागतं. आपण कोण, कुठे आहोत, कुठल्या दिशेने चाललोय, हे ते आपोआप सांगत राहतं. उत्तर कोरियाच्या नांपो बंदरातून कोळसा घेऊन निघालेलं जहाज ते बंद करतं. मग रात्री भर समुद्रात दुसरं जहाज बाजूला येतं, मध्ये फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गाद्या, टाकतात, आणि माल किंवा तेल इकडून तिकडे जातं. याला आम्ही एसटीएस, म्हणजे शिप-टू-शिप, म्हणतो. एरवी हे कायदेशीर काम आहे, आम्हीही केलंय. फरक एवढाच की आम्ही कळवून करतो. नंतर नाव रंगवून बदलायचं, झेंडा बदलायचा, मालाच्या कागदांवर भलताच देश लिहायचा.

'वाइज ऑनेस्ट' हे उत्तर कोरियाच्या सगळ्यात मोठ्या मालवाहू जहाजांपैकी एक. एप्रिल २०१८ मध्ये इंडोनेशियाने ते कोळशासकट पकडलं. वर्षभराने, मे २०१९ मध्ये, अमेरिकेने ते आपल्या ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं आणि पुढे विकून टाकलं. इंडोनेशियात पकडलेल्या कोरियन जहाजावर अमेरिकेचा हक्क कसा लागला? तर त्या जहाजाच्या दुरुस्तीचे आणि सामानाचे पैसे डॉलरमध्ये दिले होते आणि ते अमेरिकन बँकांमधून फिरले होते. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगायचो. सुट्या भागांचं बिल कुठल्या चलनात आहे, यावर आख्खं जहाज जाऊ शकतं.

---

अप्पा_नॉस्ट्रो | मंगळवार, सायंकाळी ६.३०

दर्यावर्दी यांचा मुद्दा मी पुढे नेतो. माझी तीस वर्षं बँकेच्या परकीय चलन विभागात गेली.

डॉलर प्रत्यक्षात अमेरिकेबाहेर जात नाहीत. मुंबईतल्या बँकेने सोलच्या बँकेला डॉलर पाठवले म्हणजे न्यूयॉर्कमधल्या एका बँकेने आपल्या वहीत एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात मांडले. त्या खात्याला आम्ही नॉस्ट्रो म्हणतो. ते खातं बंद झालं की बँकेचा श्वास कोंडतो. म्हणून या कायद्यांची खरी ताकद आरमारात नाही, त्या वहीत आहे. यादीत नाव येण्याची नुसती शक्यता दिसली तरी बँका आपणहून हात झटकतात.

गोदाकाठ, तुमच्या निरगाठीला माझ्याकडे एक जुना दाखला आहे. सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकन अर्थखात्याने मकावच्या बांको डेल्टा एशिया या छोट्या बँकेवर ठपका ठेवला. ग्राहकांनी पैसे काढायला धाव घेतली आणि उत्तर कोरियाचे सुमारे अडीच कोटी डॉलर तिथे गोठले. रक्कम किरकोळ, पण जगभरच्या बँका उत्तर कोरियाचं नाव ऐकताच मागे सरकल्या. २००७ च्या फेब्रुवारीत अणुकार्यक्रमावरच्या वाटाघाटीत समझोता झाला आणि अमेरिकेने मार्चमध्ये पैसे परत द्यायला होकार दिला. पण ते पैसे पाठवायला कोणतीच बँक तयार होईना! अमेरिका स्वतः सांगतेय की चालेल, तरी कोणी हात लावेना. शेवटी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमार्फत रशियाच्या मध्यवर्ती बँकेकडे आणि तिथून रशियातल्या एका छोट्या बँकेत ते पोचले. त्यानंतर जुलैमध्ये उत्तर कोरियाची योंगब्यॉनची अणुभट्टी बंद झाली. बांधणाऱ्याची सोडायची इच्छा असतानाही अडीच कोटींची गाठ सुटायला काही महिने लागले.

---

शमिका_प | मंगळवार, रात्री ९.००

अप्पा, हे वाचून थक्क झाले. म्हणजे बांधणाऱ्याच्याही हातात राहत नाही.

---

मिरजकर | मंगळवार, रात्री ९.४५

अप्पांचा दाखला मान्य. पण अणुभट्टी बंद झाली ती निर्बंधांमुळेच ना? दुखलं म्हणूनच ते टेबलावर आले.

---

सोलकरीण | बुधवार, सकाळी ८.२०

मी सोलमध्ये अकरा वर्षं आहे, म्हणून थोडं लिहिते.

सिनेटने विधेयक मंजूर केलं त्याच १० फेब्रुवारीला इथल्या पार्क ग्युन-हे सरकारने केसाँगचं औद्योगिक संकुल बंद केल्याचं जाहीर केलं. केसाँग सीमेच्या पलीकडे, सोलपासून साधारण साठ किलोमीटर. १२४ दक्षिण कोरियन कारखाने आणि सुमारे ५४,००० उत्तर कोरियन कामगार, बहुतेक बायका. सरकारचं म्हणणं होतं की त्यांच्या पगाराचा पैसा शस्त्रांकडे जातो, आणि पगार त्यांच्या सरकारच्या हातात दिला जायचा हे खरंच आहे. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या काकांचा तिथे शिवणकामाचा छोटा कारखाना होता. तयार कपडे आणि शिलाई यंत्रं सगळं तिथेच राहिलं. त्यांच्याकडे कामाला असलेल्या बायका दुपारी मिळणारे चोको-पाय न खाता जपून घरी मुलांना न्यायच्या, असं ते सांगतात. बॉम्बचं बोलणं निघालं की ते गप्प बसतात. पण त्या बायकांचं पुढे काय झालं, हे मात्र ते दर वेळी विचारतात.

मिरजकरदादा, तुमचा राग मी समजू शकते. इथले लोक त्या तोफांच्या पल्ल्यात रोज झोपतात. तरी निर्बंध म्हणजे फक्त किमच्या ताटातली दारू आणि घड्याळं, असं कृपया समजू नका. डिसेंबर २०१७ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाने यंत्रसामग्री आणि धातूच्या वस्तू पाठवण्यावर सरसकट बंदी आली. तेव्हापासून दवाखान्याची उपकरणं किंवा पाण्याचे पाइप पाठवायचे तरी मदतसंस्थांना एकेका वस्तूची परवानगी काढावी लागते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत एक कोटीहून जास्त लोकांना पुरेसं अन्न मिळत नसल्याचं दिसलं. यात राजवटीचा दोष पहिला आहे, हे मी शंभरदा म्हणेन. पण क्षयरोगाच्या पेशंटला दोष कोणाचा हे कळून उपयोग नाही.

---

कर्वेनगर | बुधवार, दुपारी १२.१०

सोलकरीण ताई, मनापासून लिहिलंत.

पुणेकरांना आठवत असेल, ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ तारखेला बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, १३ तारखेला बँकांच्या स्विफ्ट या संदेशयंत्रणेमार्फत जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने आपल्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडला. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये, म्हणजे हा कायदा होत होता त्याच महिन्यात, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर असेच गेले होते. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३.५ कोटी डॉलर गेले, त्याबद्दलही अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त निवेदनात उत्तर कोरियाचंच नाव घेतलं. फेब्रुवारी २०२५ च्या बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजच्या चोरीत तर दीड अब्ज डॉलर.

कोळशाची वाट अडवली तर त्यांनी संगणकाची वाट धरली. अप्पांची ती न्यूयॉर्कची वही क्रिप्टोला लागतच नाही. २०१६ च्या कायद्यात सायबर हल्ल्यांचं कलम होतं, पण चोराचं नाव यादीत टाकल्याने चोरी थांबत नाही. सहकारी बँकेत पैसे ठेवणारी माणसं म्हणजे पेन्शनर आणि छोटे दुकानदार. प्योंगयांगच्या रॉकेटची किंमत त्यांच्या बँकेकडून वसूल होते, याचा मला फार संताप येतो.

---

मिरजकर | बुधवार, दुपारी २.३०

+१. सोलकरीण ताई, औषधांना अडवू नये हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. भारतानेही एप्रिल २०१७ मध्ये उत्तर कोरियाशी व्यापार थांबवला तेव्हा अन्न आणि औषधं वगळली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री टिलरसन दिल्लीत आले, तेव्हा बोलण्याची वाट राहावी म्हणून मित्रदेशांचे दूतावास तिथे असावेत, असं सुषमा स्वराज यांनी त्यांना सांगितलं होतं. पण कर्वेनगरांनी जे लिहिलं त्यानंतर गाठ सैल करा असं कोणी म्हणत असेल तर मी विरोधातच राहीन.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०.१५

मिरजकर, सैल करा असं मी म्हणत नाही. उलट तुमचा 'दुखलं म्हणून आले' हा मुद्दा मी हानोईच्या आधारे आणखी पक्का करतो.

२०१६ पर्यंतच्या निर्बंधांनी राजवटीला फार त्रास झाला नव्हता. मार्च २०१६ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावात 'लोकांच्या उपजीविकेसाठी' कोळसा चालेल अशी पळवाट होती, आणि त्या वर्षी चीनला जाणारा कोळसा उलट वाढला. नोव्हेंबरच्या ठरावाने वर्षाला ७५ लाख टन किंवा ४० कोटी डॉलर अशी मर्यादा घातली. २०१७ मध्ये कोळसा, लोखंड, मासळी, कापड, सगळंच बंद झालं आणि शुद्ध तेल वर्षाला पाच लाख पिंपांवर आलं. चीनने हे मान्य केलं त्यामागे अप्पांच्या वहीचा धाक होता. सप्टेंबर २०१६ मध्ये चीनच्या सीमेवरच्या दांदोंग शहरातल्या एका व्यापारी कंपनीवर आणि जून २०१७ मध्ये बँक ऑफ दांदोंगवर कारवाई झाली होती.

फेब्रुवारी २०१९ मध्ये हानोईला किमने ट्रम्पसमोर योंगब्यॉन बंद करायची तयारी दाखवली. बदल्यात काय मागितलं? बैठक फिसकटल्यावर त्या रात्री उत्तर कोरियाचे परराष्ट्रमंत्री री योंग-हो यांनी पत्रकारांना सांगितलं की अकरापैकी पाचच ठराव उठवा म्हटलं होतं, २०१६ आणि २०१७ मधले, नागरी अर्थव्यवस्थेला बाधणारे. नेमके हेच पाच! म्हणजे दुखत होतं, आणि कुठे ते त्यांनी स्वतःच दाखवलं. किंमत खूप मोठी होती, जवळपास सगळंच आलं, म्हणून अमेरिका उठली. तो निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. पण तिथे मधलं काही देऊ करायला अमेरिकन शिष्टमंडळाच्या हातात काय होतं? घरच्या कायद्यात सहा अटी एकत्र बांधलेल्या. योंगब्यॉनच्या बदल्यात कोळशाचा अमुक कोटा, असा सौदा त्या चौकटीत बसतच नाही. सूट देऊन ढकलता आला असता, पण सूट पुढचा राष्ट्राध्यक्ष केव्हाही काढून घेऊ शकतो.

---

चेंबूरकर | गुरुवार, सकाळी ९.३५

गाठी सुटण्याबद्दल आपल्याच घरचं उदाहरण कोणी दिलं नाही. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या आणि अमेरिकेच्या ग्लेन दुरुस्तीप्रमाणे आपल्यावर निर्बंध आपोआप लागले. पण काही महिन्यांतच तिथल्या गव्हाच्या शेतकऱ्यांना बाजार जाताना दिसला आणि काँग्रेसने शेतमालाला सूट देणारा कायदा केला. मग राष्ट्राध्यक्षांना सवलतीचे अधिकार मिळाले आणि सप्टेंबर २००१ मध्ये उरलेले निर्बंध उठले. तरी ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र अमेरिकन व्यापारखात्याच्या निर्यातबंदी यादीत राहिलंच. मध्ये २००८ चा अणुकरार होऊन गेला. ते नाव निघालं जानेवारी २०२५ मध्ये. आमच्या भागातली एक आख्खी पिढी तेवढ्यात निवृत्त झाली.

उत्तर कोरियाची तुलना भारताशी करत नाही, गैरसमज नको. मला इतकंच सांगायचंय की आपल्या बाबतीत तिथे गहू विकणारे होते, विमानांची इंजिनं विकणारे होते, गाठ सोडण्यात त्यांचा फायदा होता. उत्तर कोरियासाठी वॉशिंग्टनमध्ये असं कोणीच नाही.

---

दर्यावर्दी | गुरुवार, सायंकाळी ५.५०

चेंबूरकर, हा मुद्दा महत्त्वाचा.

एक भर घालतो. एसटीएसचे फोटो, जहाजांची जुनी-नवी नावं, हे सगळं संयुक्त राष्ट्रांचं तज्ज्ञमंडळ दर वर्षी छापायचं. आमच्यासारख्यांना ते अहवाल फार कामाचे होते, जहाज भाड्याने (चार्टर) घेण्याआधी त्याचं नाव त्यात पाहायचो. २८ मार्च २०२४ ला रशियाने व्हेटो वापरून ते मंडळ बंद पाडलं. तेरा देश बाजूने, चीन तटस्थ. आता अकरा देशांनी मिळून वेगळी पाहणी सुरू केली आहे, पण तिच्यावर संयुक्त राष्ट्रांचा शिक्का नाही.

---

शमिका_प | गुरुवार, रात्री ८.४०

गोदाकाठ, मग कलम ४०१ तुम्ही लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं?

---

गोदाकाठ | गुरुवार, रात्री ११.०५

मी अटी सुट्या केल्या असत्या. कैद्यांच्या छावण्यांसाठी लावलेले निर्बंध छावण्यांच्या अटीवर सुटतील, कोळशाचे अणुभट्टीच्या अटीवर. योंगब्यॉनला निरीक्षक पोचले की कोळशाचा ठरावीक कोटा, ते हाकलले गेले की कोटा त्याच दिवशी बंद. इराणच्या २०१५ च्या करारात निर्बंध परत लागू करायची तरतूद होती आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती प्रत्यक्ष वापरलीही गेली. औषधं आणि पाण्याचे पाइप तर कायद्यातच नाव घेऊन वगळले असते. पळवून नेलेल्या जपानी माणसांचे आईवडील एकेक करून जात आहेत, त्यांच्या अटीला तर मी स्वतंत्र कलम आणि स्वतंत्र बक्षीस ठेवलं असतं, बाकी काही होवो न होवो.

---

अप्पा_नॉस्ट्रो | शुक्रवार, सकाळी ७.५०

कल्पना चांगली आहे, पण बँकवाल्याच्या खुर्चीतून एक अडचण सांगतो. मूळ कायद्याच्या कलम ४०१ मध्ये स्थगिती एका वर्षाची आहे. खाणीतला कोळसा काढायला, बंदरावर क्रेन बसवायला जे कर्ज लागतं ते पाच-सात वर्षांचं असतं. वर्षभराच्या स्थगितीवर कोणती बँक ते देईल? आम्ही तर नॉस्ट्रो खातंसुद्धा उघडलं नसतं. २००७ मध्ये अडीच कोटींना कोणी हात लावला नाही, त्याचं कारण हेच होतं. सोडलेली गाठ उद्या परत बसेल ही भीती. तुम्ही 'त्याच दिवशी बंद' म्हणता तेव्हा किमला जरब बसते हे खरं, पण बँकही त्याच वाक्याला घाबरते.

---

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी ८.३०

अप्पा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सगळा वेळ किमच्या बाजूने विचार करत होतो, कर्ज देणाऱ्याच्या बाजूने केलाच नाही. आधी झालेल्या व्यवहारांना संरक्षण आणि नव्यांना बंदी, असं काही लिहिता येईल का ते पाहतो. इराणच्या करारात त्या अंगाने काय लिहिलं होतं ते आज रात्री परत वाचतो आणि इथेच टाकतो.